कारखान्याचे फाटक आणि उसाचा फड : लासुर्णे परिसराच्या संदर्भात अपघात-भरपाईच्या हक्काचा इतिहास

प्रास्ताविक

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील लासुर्णे हे गाव दोन निरनिराळ्या साखर-व्यवस्थांच्या शेजारात वाढलेले आहे. एकीकडे भवानीनगर येथील श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना, तर दुसरीकडे शेठ वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने कळंबच्या माळावर उभे केलेले वालचंदनगर. नीरा डाव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या भागात आले आणि त्यानंतरच्या शतकभरात जिरायती मुलखाचे ऊसपट्ट्यात रूपांतर झाले. या रूपांतराचा आर्थिक इतिहास बऱ्याच प्रमाणात लिहिला गेला आहे. मात्र त्याला दुसरीही एक बाजू आहे. गव्हाणीत सापडलेला हात, बॉयलरजवळ भाजलेली पाठ, ट्रॉलीखाली आलेला पाय आणि फडात कोयत्याने तुटलेले बोट यांची भरपाई कोणी, किती आणि कोणत्या न्यायाने करावयाची, हा प्रश्न साखरेइतकाच जुना असूनही त्याकडे इतिहासाच्या दृष्टीने क्वचितच पाहिले गेले आहे.

या प्रश्नाच्या मुळाशी भरपाईच्या रकमेपेक्षा ‘मालक कोण?’ हा प्रश्न आहे. कायद्याचा इतिहास आणि ऊसपट्ट्याचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यास एक विसंगती स्पष्ट होते. ज्या काळात फडाचा आणि कारखान्याचा मालक एकच होता, त्या काळात फडावरील मजूर कायद्याच्या कक्षेत नव्हता. आणि कायद्याची कक्षा रुंदावत फडापर्यंत येऊ लागली, तेव्हा मालक अनेक हातांत विखुरला गेला होता.

दोषाकडून जोखमीकडे

कामावर झालेल्या इजेबद्दल मालकाकडून पैसे मागण्याचा हक्क इंग्रजी विधिपरंपरेत फार काळ जवळजवळ नव्हताच. इंग्लंडमध्ये एका मांसविक्रेत्याच्या गाडीवरील नोकराची मांडी मोडली. त्याच्या दाव्यावरील १८३७ च्या निर्णयातून ‘सहकामगाराच्या चुकीस मालक जबाबदार नाही’ हे तत्त्व पुढे आले. कामगाराने धोका पत्करूनच नोकरी धरली, तसेच इजेत त्याचाही निष्काळजीपणा होता, हे दोन बचाव त्याच्या जोडीला होते. भारतात १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्याने मृताच्या निकटच्या आप्तांना दावा लावण्याची मुभा दिली. परंतु त्यासाठी दुसऱ्याची चूक अथवा हयगय सिद्ध करावी लागे. गिरणीतील विधवेने मालकाची हयगय दिवाणी न्यायालयात सिद्ध करावयाची, ही अपेक्षा कागदावरच शोभणारी होती.

या पार्श्वभूमीवर १८८४ हे वर्ष लक्षणीय ठरते. त्या वर्षीच्या जुलैमध्ये जर्मनीत बिस्मार्कच्या राजवटीने औद्योगिक अपघात विम्याचा कायदा केला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा होऊन त्यांचे निवेदन नारायण मेघाजी लोखंडे यांनी फॅक्टरी कमिशनपुढे मांडले. साप्ताहिक सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार या मागण्या सर्वपरिचित आहेत. त्या मानाने निवेदनातील अपघातविषयक मागणीकडे दुर्लक्ष झाले आहे. कामावर गंभीर इजा झालेल्या कामगारास तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो कायमचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची योग्य तरतूद व्हावी, असे त्यात मागितले होते. दोष कोणाचा याचा उल्लेखही या मागणीत नाही. सत्यशोधक परंपरेतील या कार्यकर्त्याने मांडलेली कल्पना पुढे ‘दोषनिरपेक्ष दायित्व’ या जड नावाने ओळखली गेलेली कल्पनाच आहे, आणि ब्रिटिश पार्लमेंटने आपला कामगार भरपाईचा कायदा केला तो त्यानंतर तेरा वर्षांनी, १८९७ मध्ये. त्याच वर्षी मुंबईतील प्लेगच्या साथीत लोखंडे यांचे निधन झाले.

भारतात ही कल्पना कायद्यात उतरण्यास १९२३ उजाडावे लागले. कामगार भरपाई कायदा त्या वर्षी संमत होऊन १ जुलै १९२४ पासून अमलात आला. मृत्यू झाल्यास तीस महिन्यांचा पगार अथवा २,५०० रुपये, आणि कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास बेचाळीस महिन्यांचा पगार अथवा ३,५०० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती देय होती. दहा दिवसांहून अधिक न टिकणाऱ्या इजेस काहीच नव्हते. ‘यांपैकी कमी’ या शब्दांत कायदा करणाऱ्यांचा संकोच दिसतो.

या कायद्याची पहिली अनुसूची इतिहासाच्या अभ्यासकाने आवर्जून वाचावी अशी आहे. उजवा हात कोपरापासून वा त्यावरून गेल्यास उपार्जनक्षमतेची हानी ७० टक्के, डावा गेल्यास ६० टक्के. एक डोळा ३० टक्के, अंगठा २५ टक्के, तर्जनी १० टक्के, इतर कोणतेही बोट ५ टक्के. महिना वीस रुपये मिळविणाऱ्या मजुराच्या अंगठ्याची किंमत या हिशेबाने २१० रुपये होई. इंदापूर तालुक्याच्या संदर्भात येथे एक साम्य सहज आठवते. १८३५–३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी मुंबई इलाख्यातील रयतवारी मोजणीचा प्रारंभ याच तालुक्यात केला आणि जमिनीच्या प्रतीला आण्यांचे मोल लावण्याची पद्धत रूढ केली. जमीन आण्यांत मोजणाऱ्या राज्ययंत्रणेने पाऊणशेहून अधिक वर्षांनी कामगाराचे शरीर टक्क्यांत मोजले. दोन्ही मोजण्या कठोर होत्या, परंतु दोन्हींमुळे मनमानीस काही मर्यादा पडली, हेही मान्य केले पाहिजे.

टक्केवारीचा हा तक्ता यांत्रिकपणे लावता येत नाही, हे स्वतंत्र भारताच्या न्यायालयांनी पुढे स्पष्ट केले. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. तक्त्याप्रमाणे हे आंशिक अपंगत्व. परंतु एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून ते पूर्ण अपंगत्व होय, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये ठरविले. भरपाई देण्याचे दायित्व आयुक्ताच्या निर्णयापासून नव्हे, तर अपघाताच्या क्षणापासून निर्माण होते, हेही त्याच निर्णयाने प्रस्थापित झाले. ज्याचे कामच डाव्या हाताने ऊस धरून उजव्या हाताने कोयता चालविण्याचे आहे, त्याच्या बाबतीत या निर्णयाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

एक मालक, अपुरा कायदा

वालचंद हिराचंद यांच्या कंपनीने १९३० च्या दशकात कळंब येथे साखर कारखाना उभारला. याच काळात सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसविल्याने महाराष्ट्राच्या कालवा-पट्ट्यात खाजगी कारखाने उभे राहिले होते. त्यांची स्वतःची विस्तीर्ण शेती असे. खंडाने घेतलेल्या जमिनीवर कंपनीचेच मळे, कंपनीचीच बैलजोडी, कंपनीचाच मुकादम. नांगरणीपासून गाळपापर्यंत एकच धनी होता. अपघात झाल्यास नोटीस कोणावर बजावावयाची, हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

तरीही फडावरील मजुरास या स्पष्टतेचा लाभ मिळाला नाही. १९२३ च्या कायद्याची दुसरी अनुसूची कारखाने, खाणी, रेल्वे, गोदी, बांधकाम यांभोवती फिरत होती. १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाने, ज्याचे एक सदस्य ना. म. जोशी होते, १९३१ च्या अहवालात या कायद्याचा विस्तार सुचविला आणि १९३३ मध्ये तशी दुरुस्ती झाली. पण सामान्य शेतमजूर बाहेरच राहिला. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन मजुरांचे कायदेशीर भवितव्य फाटकावर वेगळे होई. गव्हाणीजवळ हात गेलेल्यास टक्क्यांचा हक्क होता. पाच फर्लांगांवरच्या मळ्यात तोच हात गेलेल्यास मालकाच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागे.

फाटकाच्या आतील कामगाराचीही स्थिती इतर उद्योगांहून थोडी निराळी राहिली. १९४८ च्या राज्य विमा कायद्याने औद्योगिक कामगाराची इजा मालकाकडून काढून विमा महामंडळाकडे सोपविली. मात्र त्यातून हंगामी कारखाने वगळण्यात आले आणि त्यांच्या व्याख्येत साखर व गूळ यांचे उत्पादन नामनिर्देशाने घातले गेले. पुण्या-पिंपरीतील कारखान्यातला कामगार विमा रुग्णालयात जाऊ लागला, तेव्हा त्याच जिल्ह्यातील साखर कामगार १९२३ च्या कायद्याच्याच आश्रयाने राहिला. १९४८ च्या कारखाने कायद्याने यंत्रांना कठडे घालणे आणि अपघाताची वर्दी देणे बंधनकारक केले, हे खरे. परंतु ती प्रतिबंधाची तरतूद होय, भरपाईची नव्हे.

मालकाचे विखुरणे

१९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने खाजगी साखर कंपन्यांच्या मळ्यांचा शेवट केला. त्या जमिनी सरकारकडे येऊन १९६३ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य शेती महामंडळाकडे गेल्या. इंदापूर तालुक्यातील रत्नपुरीचा मळा त्यांपैकीच. दुसरीकडे प्रवरानगरच्या उदाहरणाने सुरू झालेली सहकारी साखर चळवळ नीरेच्या खोऱ्यात रुजली. भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर येथे ऊस पिकविणारा सभासदच कारखान्याचा मालक झाला. या परिवर्तनाचे सामाजिक मोल मोठे आहे, यात शंका नाही. परंतु त्याचा एक परिणाम बहुधा कोणी अपेक्षिला नव्हता. फड सभासदाचा, गाळप कारखान्याचे आणि या दोहोंमध्ये तोडणी-वाहतुकीची एक स्वतंत्र साखळी निर्माण झाली.

ही साखळी साधारणपणे तीन करारांची असते. पहिला कारखान्याचा, अथवा त्याने उभ्या केलेल्या तोडणी-वाहतूक संस्थेचा, वाहतूकदाराशी. दुसरा वाहतूकदाराचा मुकादमाशी. तिसरा मुकादमाचा टोळीतील कोयत्यांशी. पहिल्या दोहोंचे कागद होतात. तिसरा बहुधा उचलीच्या रकमेत आणि शब्दांत असतो. बीड, अहिल्यानगर, जालना आदी जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास येणाऱ्या टोळ्या कारखान्याच्या तळावर वा फडाच्या कडेला कोपी घालून राहतात. कोणत्या दिवशी कोणाचा फड तोडावयाचा, हे कारखान्याचा शेती विभाग ठरवितो. चिटबॉय चिठ्ठी देतो. वजन कारखान्याच्या काट्यावर होते. असे असूनही तोडणीची मजुरी शेवटी सभासदाच्या उसाच्या दरातून वजा होते.

येथेच ‘मालक कोण?’ या प्रश्नाला चार उत्तरे मिळतात. कारखान्याचे म्हणणे असे की, ऊस नियंत्रण आदेश, १९६६ अन्वये उसाचा दर फाटकापाशी ठरतो. तेथवर ऊस पोचविणे उत्पादकाचे काम असून कारखाना केवळ त्याची सोय लावतो. सभासद म्हणतो, टोळी आपण आणली नाही, तिचे नावही आपणास ठाऊक नाही. वाहतूकदार मुकादमाकडे बोट दाखवितो, आणि मुकादम स्वतःच काल-परवापर्यंत कोयता धरणारा असतो. प्रत्येकाच्या म्हणण्यात तथ्याचा काही अंश आहे, हीच यातील अडचण होय.

१९२३ च्या कायद्यात यावर अजिबात उपाय नव्हता असे नाही. त्याच्या बाराव्या कलमानुसार मूळ मालकाने आपल्या धंद्याचा नेहमीचा भाग असलेले काम कंत्राटदाराकडून करून घेतल्यास कंत्राटदाराच्या कामगाराची भरपाई मूळ मालकावर पडते, मग त्याने ती कंत्राटदाराकडून वसूल करावी. कायदा करणाऱ्यांची ही दूरदृष्टीच म्हटली पाहिजे. परंतु याच कलमाच्या अखेरीस एक मर्यादा होती : अपघात मूळ मालकाच्या आवारात, अथवा त्याच्या ताब्यातील वा नियंत्रणाखालील जागेत झालेला असला पाहिजे. कारखान्याच्या तळावर उसाची गाडी उलटली तर कलम लागू. लासुर्ण्याच्या एखाद्या सभासदाच्या फडात सर्पदंश झाला अथवा विहिरीत पाय घसरला, तर ती जागा कोणाच्या नियंत्रणाखाली, यावर वाद. तोडणीचा दिवस, क्षेत्र आणि क्रम कारखाना ठरवीत असेल तर त्या दिवसापुरता तो फड त्याच्या नियंत्रणाखाली असतो, असा युक्तिवाद करता येतो आणि तो सबळ आहे. परंतु तो मांडण्यासाठी मजुराचे कुटुंब हंगाम संपल्यावर शे-दोनशे मैलांवरून पुन्हा या जिल्ह्यात यावे लागे. निदान या बाबतीत पुढील दुरुस्त्यांनी मजूर राहतो तेथील आयुक्ताकडे दावा लावण्याची सोय केली.

दुसरी अनुसूचीही कालांतराने वाढत गेली. यंत्रशक्तीवर चालणारी शेतीची कामे तीत आली. यंत्रचलित वाहनात माल भरणे-उतरविणे हे काम तर तिच्या पहिल्याच नोंदीत आहे. त्यामुळे एक चमत्कारिक भेद निर्माण झाला. ट्रॅक्टर वा ट्रक भरण्यासाठी डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढणारा मजूर अनुसूचीत स्पष्टपणे बसतो. तीच मोळी बैलगाडीत रचणाऱ्यास तेवढाच स्पष्ट आधार नाही. इजा एकच, वजन एकच, फरक ओढणाऱ्या शक्तीचा. २००० च्या दुरुस्तीने नैमित्तिक मजुरास वगळणारे शब्द काढून टाकले, तेव्हा ‘हा तर चार महिन्यांचा माणूस’ या बचावाचा आधार गेला.

रकमांच्या बाबतीत मात्र कायदा पुष्कळ पुढे गेला होता. ‘यांपैकी कमी’ची जागा ‘यांपैकी अधिक’ने घेतली आणि वयानुसार गुणक आले. जुन्या कायद्याच्या अखेरच्या काळात हिशेबासाठी महिना १५,००० रुपयांपर्यंतचा पगार धरला जाई. पंचविसाव्या वर्षी मृत्यू पावलेल्या कामगाराचा गुणक २१६.९१ असल्याने त्या पगाराच्या निम्म्याने भरपाई १६,२६,८२५ रुपये होई. तिसाव्या वर्षी गेलेल्या अंगठ्याची रक्कम, ३० टक्के हानी धरून, ५,६१,५४६ रुपये. एका महिन्यात न दिल्यास १२ टक्के व्याज आणि सबळ कारण नसल्यास निम्म्यापर्यंत दंड.

उचलीच्या व्यवहाराशी थेट संबंध असलेली याच कायद्यातील आणखी दोन कलमे विशेष उल्लेखनीय आहेत. नवव्या कलमाप्रमाणे भरपाईची रक्कम जप्त होऊ शकत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही आणि कोणत्याही येण्यातून तिची वजावट करता येत नाही. सतराव्या कलमाप्रमाणे हक्क सोडून देणारा करार निरर्थक ठरतो. म्हणजे ‘राहिलेली उचल सोडली, आता काही मागू नका’ ही तडजोड गावाच्या दृष्टीने कितीही समंजस वाटली, तरी कायद्याच्या दृष्टीने तिला अर्थ नाही. शिवाय मृत्यूच्या प्रकरणात आयुक्ताकडे जमा केल्याविना वारसांच्या हाती परस्पर दिलेली रक्कम, तीन महिन्यांच्या पगाराइतकी आगाऊ रक्कम वगळता, भरपाई म्हणून धरली जात नसे.

अर्धा कोयता आणि सातबारा

ऊसतोडीत ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मजुरी टनावर, हिशेब जोडीचा, उचल बहुधा पुरुषाच्या नावे. भरपाईचा कायदा मात्र व्यक्तीचा मासिक पगार विचारतो. बाईचा हात गेला तर तिचा पगार किती लिहावयाचा? जमशेदपूर येथील १९८९ च्या अग्निकांडासंबंधी २००१ मध्ये निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या घरकामाचेही महिना ३,००० रुपये मूल्य धरले होते. घरी राहणाऱ्या स्त्रीच्या श्रमाची किंमत अशी ठरू शकते, आणि पहाटेपासून मोळ्या बांधणारी स्त्री हिशेबाच्या वहीत ‘अर्धा कोयता’ राहते, ही विसंगती फारशी चर्चिली गेलेली नाही.

रस्त्यावरील अपघातांत मोटार वाहन कायद्याचा दुसरा मार्ग उपलब्ध आहे. मात्र दोन्हींपैकी एकच निवडता येतो. दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरवर उसाच्या मोळ्यांवर बसून प्रवास करणाऱ्या मजुराला विमा कंपनी ‘हा प्रवासी विम्यात नव्हता’ असे सांगू शकते. तेथे वाहनमालकाचा शोध पुन्हा सुरू होतो.

स्वतःच्याच शेतात इजा झालेल्या शेतकऱ्याला तर मालकच नसतो. १९८३ च्या धोकादायक यंत्रविषयक केंद्रीय कायद्याने मळणीयंत्रापुरती दखल घेतली. राज्याची शेतकरी अपघात योजना १० ते ७५ वयोगटासाठी असून २०२३ पासून ती विम्याऐवजी सानुग्रह अनुदानाच्या रूपात चालते. मृत्यूस २ लाख रुपये मिळतात. ती सातबाऱ्यावरील नावाशी आणि त्या कुटुंबाशी जोडलेली आहे. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्याला या दाराने प्रवेश नाही.

मालकाविना हक्क

‘मालक कोण?’ हा प्रश्न टाळून पुढे जाण्याचा एक प्रयोग महाराष्ट्रातच झालेला आहे. हमालाचा मालक दर तासाला बदलतो, हे ओळखून १९६९ च्या माथाडी कायद्याने नोंदणी आणि वसुली मंडळाकडे दिली, व्यापाऱ्यांवर पट्टी बसविली आणि भरपाईचा कायदाही या कामगारांना लागू केला. अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईत आणि डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने पुण्यात केलेल्या संघटनेचे हे फळ होय. ऊसतोड मजुरांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावे स्थापन झालेल्या कल्याण महामंडळाकरिता कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घेण्याचे धोरण वरवर पाहता याच वाटेचे आहे. परंतु दोहोंत भेद आहे. माथाडी मंडळात मजुराची नोंद आणि मजुरी मंडळामार्फत होते, म्हणून इजेचा हिशेब मांडता येतो. टनावरील वर्गणीतून कल्याण साधेल. टक्क्यांचा हक्क त्यातून आपोआप उत्पन्न होत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता अमलात आल्या आणि १९२३ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेच्या सातव्या प्रकरणात सामावून गेला. कंत्राटदाराच्या कामगाराबद्दलची मूळ मालकाची जबाबदारी तीत कायम आहे. घर ते काम या प्रवासातील अपघातही आता कामावरचा मानला जाऊ शकतो. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सौराष्ट्रातील मिठागरावरून परतताना नाव उलटून बुडालेल्या मजुरांच्या बाबतीत नाकारलेली गोष्ट सदुसष्ट वर्षांनी कायद्याने स्वीकारली. कोपीवरून अंधारात फडाकडे निघालेल्या मजुराच्या दृष्टीने ही तरतूद विशेष महत्त्वाची आहे. त्याच दिवशी अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षिततेच्या संहितेने आस्थापनेतील प्रत्येक कामगारास नियुक्तिपत्र देण्याचे बंधन घातले आहे. लासुर्ण्याच्या शिवारात ऊस तोडणाऱ्या कोयत्याला असे पत्र द्यावयाचे झाल्यास त्यावर कारखाना, संस्था, वाहतूकदार आणि मुकादम यांपैकी सही कोणाची असावी, याचे उत्तर अद्याप ठरावयाचे आहे.